कन्सल्टिंगमध्ये नवा मॅनेजर: पहिला प्रोजेक्ट हातात येतो तेव्हा

एखाद्या उद्योगात दहा-बारा वर्षं काढलेली असतात, माणसं सांभाळलेली असतात, बजेटं हाताळलेली असतात आणि मग कन्सल्टिंग फर्मकडून मॅनेजरपदाची ऑफर येते. पद ओळखीचं, म्हणून कामही ओळखीचंच असेल असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या महिन्यात कळलं की सारखा आहे तो फक्त शब्द.

इथला मॅनेजर म्हणजे एका प्रोजेक्टचा रोजचा कारभारी. मॅकिन्झी या सल्लागार फर्ममध्ये त्याला एंगेजमेंट मॅनेजर म्हणतात, बीसीजीत (बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप) प्रोजेक्ट लीडर, ऑडिटमधून वाढलेल्या मोठ्या फर्ममध्ये नुसतं मॅनेजर. त्याच्या वर पार्टनर असतो. काम विकणं, क्लायंटच्या वरिष्ठांशी नातं राखणं ही त्याची जबाबदारी. खाली दोन ते पाच कन्सल्टंट आणि ॲनालिस्ट. ॲनालिस्टचं डोकं आज संध्याकाळी द्यायच्या स्लाइडमध्ये असतं. पार्टनरचं डोकं पुढच्या सहा महिन्यांत आणि बरेचदा दुसऱ्याच क्लायंटमध्ये असतं. मधले दोन आठवडे कुणाच्याच डोक्यात नसतात. तिथे राहणारा माणूस म्हणजे मॅनेजर. हा लेख त्या दोन आठवड्यांत कसं राहायचं याबद्दल आहे.

१. फर्म पैसे कसे मिळवते हे आधी समजून घ्या

रुजू झाल्यावर सगळे तुम्हाला पद्धती, टेम्प्लेटं आणि जुने डेक, म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइडचे संच, दाखवतील. ते नंतर बघा. आधी तीन शब्द पक्के करा.

युटिलायझेशन म्हणजे माणसाच्या एकूण कामाच्या वेळेपैकी क्लायंटला बिल करता येणारा वेळ. लेव्हरेज म्हणजे एका पार्टनरमागे किती मॅनेजर आणि कन्सल्टंट काम करतात ते प्रमाण. तिसरा, तुमच्याशी सर्वांत जवळचा शब्द म्हणजे रियलायझेशन. ठरलेल्या दराने जेवढी रक्कम व्हायला हवी होती, त्यातली प्रत्यक्षात किती वसूल झाली, हे तो सांगतो.

एक साधं गणित करून बघा. चार माणसं, दहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे २०० मनुष्यदिवस. फी ठरावीक आहे. काम दोन आठवडे लांबलं तर ४० दिवस वाढले, फी तेवढीच. २०० दिवसांच्या पैशांत २४० दिवसांचं काम झालं. रियलायझेशन ८३ टक्क्यांवर आलं. विकताना पार्टनरने आधीच दहा टक्के सूट दिली असेल, तर ते ७५ टक्क्यांवर येतं. क्लायंट खूश, टीम थकलेली आणि पार्टनर गप्प, असं दृश्य दिसलं तर कारण बहुधा हेच असतं.

इथे एक मोह होतो: टीमने जादा तास लिहूच नयेत, म्हणजे आकडे सुंदर दिसतात. हे करू नका आणि कुणाला करायला लावू नका. न लिहिलेले तास पुढच्या प्रस्तावात ‘मागच्या वेळी दहा आठवड्यांत झालं होतं’ असा पुरावा होऊन परत येतात आणि ती किंमत पुढची टीम मोजते. टाइमशीट हे कंटाळवाणं काम आहे, पण खरं आणि दर आठवड्याला भरायचं.

मूल्यमापनाचंही विचारून घ्या. बहुतेक फर्ममध्ये प्रत्येक प्रोजेक्टनंतर वेगळा रिव्ह्यू होतो आणि तुमच्या टीमचं तुमच्याबद्दलचं मतही घेतलं जातं. ठरावीक वर्षांत वर चढा नाहीतर बाहेर पडा, ही पद्धत न्यूयॉर्कच्या क्रॅव्हथ या वकिली फर्मने रुजवली आणि मॅकिन्झीने ती सल्लाव्यवसायात आणली. आज सगळीकडे ती तेवढ्याच कडकपणे चालते असं नाही. तरी तुमच्या फर्ममध्ये किती चालते, हे पहिल्याच महिन्यात माहीत असलेलं बरं.

फर्म ऑडिट नेटवर्कमधली असेल तर आणखी एक गोष्ट. अमेरिकेत २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानंतर, शेअर बाजारात नोंदलेल्या ज्या कंपनीचं ऑडिट आपण करतो, तिला सल्ल्याच्या अनेक सेवा विकता येत नाहीत. इतर देशांतही कमी-अधिक तसेच नियम आहेत. त्यामुळे जुन्या ओळखीच्या माणसाला उत्साहात ‘आम्ही करून देऊ’ म्हणण्याआधी ऑडिटरच्या स्वातंत्र्याला बाधा येत नाही ना, हितसंबंध आड येत नाहीत ना, हे फर्ममध्ये तपासून घ्या. तुमच्या स्वतःच्या गुंतवणुकीही जाहीर कराव्या लागतील. तो फॉर्म शेवटच्या तारखेसाठी ठेवू नका.

२. पहिल्या दहा दिवसांत चार माणसांना भेटा

बाहेरून आलेल्या मॅनेजरची खरी अडचण ज्ञानाची नसते. त्याला कुणी ओळखत नाही, ही असते. आतून वर आलेल्या मॅनेजरला चांगले ॲनालिस्ट कोण, कुणाच्या मॉडेलवर (आकडेमोडीच्या स्प्रेडशीटवर) डोळे मिटून विश्वास ठेवावा, हे पाच वर्षांच्या सहवासाने माहीत असतं. तुम्हाला ते उसनं आणावं लागतं.

पहिला भेटायचा माणूस म्हणजे स्टाफिंग बघणारी व्यक्ती. कोण कुठल्या प्रोजेक्टवर जाईल हे तिच्या तक्त्यात ठरतं. तिला तुमची खरी बलस्थानं सांगा आणि काय जमत नाही तेही सांगा. दुसरा, तुमच्यासारखाच बाहेरून आलेला आणि दोन वर्षं टिकलेला मॅनेजर. त्याला एकच प्रश्न विचारा: पहिल्या प्रोजेक्टवर काय चुकलं? तिसरा, सगळ्यांना आपल्या टीमवर हवा असलेला एखादा सीनियर कन्सल्टंट. कोणत्या मॅनेजरबरोबर पुन्हा काम करायला आवडेल आणि का, हे त्याच्याकडून ऐकण्यासारखं असतं.

चौथा तुमचा पार्टनर. त्याच्याबरोबर अर्धा तास मिळाला तर उद्योगाच्या भविष्यावर चर्चा करू नका, कामाच्या सवयी विचारा. मसुदा किती कच्चा असताना पाहायला आवडतो? फोन की मेसेज? शनिवार-रविवारी गाठलेलं चालतं का? क्लायंटकडच्या कुठल्या माणसाशी बोलण्याआधी तुम्हाला विचारावं? आणि शेवटी, हलकेच: हे काम विकताना करारात नसलेलं काही तोंडी कबूल केलंय का?

या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक पार्टनर किंचित हसतात. मग म्हणतात, ‘हो, एक छोटीशी गोष्ट आहे...’ ती कधीच छोटी नसते. पण पहिल्या आठवड्यात कळली तर आराखड्यात बसवता येते.

३. करार पेन्सिल घेऊन वाचा

प्रस्ताव आणि कामाचा करार, दोन्ही शब्दन् शब्द वाचा. ‘सहाय्य करणे’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘संबंधित सर्व विभाग’ असे शब्द दिसले की खाली रेघ मारा. दोन महिन्यांनी भांडण तिथेच होतं.

मग एका पानावर चार गोष्टी लिहा: नेमका प्रश्न काय, निर्णय कोण घेणार, कधीपर्यंत, आणि या कामात काय येत नाही. चौथी ओळ लिहायला सगळ्यांना संकोच वाटतो, म्हणून ती लिहाच. हे पान आधी पार्टनरला आणि मग क्लायंटच्या प्रोजेक्टप्रमुखाला दाखवा. दोघांनी मान हलवली की खऱ्या अर्थाने प्रोजेक्ट सुरू झाला.

काम हळूहळू फुगत जाणं टळत नाही. ‘जाता जाता हेही बघून टाका’ असं क्लायंट म्हणतो तेव्हा तोंडावर नाही म्हणू नका आणि पटकन होही म्हणू नका. ‘करता येईल. यासाठी एका माणसाचे सहा दिवस लागतील, म्हणजे गोदामांचं विश्लेषण पुढच्या आठवड्यात जाईल. चालेल का?’ असं विचारा. निम्म्या वेळा मागणी तिथेच विरते. उरलेल्या निम्म्या वेळा ती खरोखर महत्त्वाची निघते, मग पार्टनरला सांगून करारात रीतसर बदल करून घ्या.

४. उत्तराचा अंदाज पहिल्याच आठवड्यात बांधा

उद्योगातून आलेल्या माणसाला हे सगळ्यात विचित्र वाटतं. माहिती हातात नसताना उत्तर कसं लिहायचं? पण आठ-दहा आठवड्यांत सगळं तपासणं शक्य नसतं. काय तपासायचं हे ठरवायला आधी अंदाज लागतो.

समजा क्लायंट यंत्रांचे सुटे भाग बनवतो आणि त्याची तक्रार आहे की ऑर्डरी उशिरा पोचतात. पहिल्या आठवड्यातला अंदाज असा असू शकतो: उशीर कारखान्यात होत नाही, ऑर्डर कारखान्यापर्यंत जायलाच वेळ लागतो. हे वाक्य खोटं ठरू शकतं, आणि म्हणूनच ते कामाचं आहे. ते खोटं ठरवायला कोणती माहिती लागेल, हे लगेच दिसतं.

आता प्रश्नाची फोड करा. फांद्या एकमेकींत शिरू नयेत आणि मिळून प्रश्न पूर्ण झाकला जावा, हा या धंद्यातला जुना नियम. बार्बरा मिंटो १९६३ मध्ये मॅकिन्झीत आल्या आणि पुढे तिथल्या लेखनाला शिस्त लावताना त्यांनी तो रूढ केला. नियम पाठ असणं सोपं, पाळणं अवघड. आपल्या उदाहरणात ‘माणसं, प्रक्रिया, तंत्रज्ञान’ अशी फोड बरेच जण करतात. दिसते छान. पण जुन्या मशीनवर नवशिका कामगार चुकीच्या क्रमाने काम करत असेल, तर तो कुठल्या फांदीवर बसणार? तिन्हींवर. त्यापेक्षा काळाने कापा: ऑर्डर घेतल्यापासून उत्पादनाच्या वेळापत्रकात येईपर्यंत, वेळापत्रकापासून माल तयार होईपर्यंत, तयार मालापासून ग्राहकाच्या दारापर्यंत. प्रत्येक दिवसाची भर यांतल्या एकाच खान्यात पडते आणि तिन्हींची बेरीज एकूण उशिराएवढी येते.

त्यानंतर रिकामा डेक. बारा-पंधरा स्लाइड, प्रत्येकीवर पूर्ण वाक्याचं शीर्षक, खाली हाताने काढलेला तक्ता किंवा आलेख, कोपऱ्यात माहिती कुठून येणार, कोण करणार आणि कधी. नुसती शीर्षकं वरून खाली वाचली तर गोष्ट कळली पाहिजे. ‘ऑर्डर प्रक्रियेचा आढावा’ हे शीर्षक नव्हे. ‘एकूण विलंबाचा अर्धा भाग ऑर्डर वेळापत्रकात येण्याआधीच होतो’ हे शीर्षक. हा डेक पुढे निम्मा तरी बदलतो. बदलू द्या. टीमला कुठे जायचंय हे त्यातून कळतं, तेवढं काम त्याने केलं की पुरे.

५. माहितीची मागणी पहिल्याच दिवशी पाठवा

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवे मॅनेजर सर्वांत जास्त दिवस इथे गमावतात.

क्लायंटकडून माहिती यायला तुम्ही धरता त्याच्या दुप्पट वेळ लागतो. ज्याला ती काढायची असते त्याचं रोजचं काम चालू असतं, त्याला परवानगी घ्यावी लागते आणि तुमच्या प्रोजेक्टबद्दल त्याला कुणी धड सांगितलेलं नसतं. म्हणून यादी पहिल्या दिवशी जायला हवी, करारावर सही झाली असेल तर त्याआधीच.

‘विक्रीची सर्व माहिती द्यावी’ अशी मागणी केलीत तर कुणीतरी प्रेमाने पीडीएफ पाठवील. नेमकं मागा: कोणता कालावधी, कोणते रकाने, एक ओळ म्हणजे एक ऑर्डर की ऑर्डरमधला एक नग, फाइल कुठल्या स्वरूपात. बेरजा केलेले तक्ते मागू नका, कच्च्या नोंदी मागा. बेरीज तुम्हाला करता येते, बेरीज उसवता येत नाही. प्रत्येक मागणीपुढे क्लायंटकडच्या एका माणसाचं नाव हवं. विभागाचं नाव लिहिलंत तर ती मागणी अनाथ होते. आणि कुठल्या तीन गोष्टी आधी हव्यात ते सांगा. चाळीस मागण्यांना सारखाच अग्रक्रम दिला तर सगळ्यात सोप्या आधी येतात.

मग शब्दांचे अर्थ. आमच्या एका कामात ‘ऑर्डरची तारीख’ या साध्या रकान्याने आठवडा खाल्ला. विक्री विभागासाठी ती ग्राहकाने फोन केला तो दिवस होती. सिस्टीममध्ये ती नोंद केली तो दिवस होती. वित्त विभाग आगाऊ रक्कम जमा झाली की ऑर्डर मानायचा. तिघेही खरं बोलत होते आणि तिघांचा सरासरी विलंब वेगवेगळा निघत होता. तेव्हापासून मी माहिती आली की पहिल्याच दिवशी ती काढणाऱ्या माणसाशेजारी अर्धा तास बसतो आणि एकेक रकाना तोंडाने समजावून घेतो. त्या अर्ध्या तासात बाकीचंही बरंच कळतं: कुठला रकाना कुणीच भरत नाही, कुठल्या महिन्यात सिस्टीम बदलली.

माहिती हातात आल्यावर ती फक्त फर्मने मान्य केलेल्या जागी ठेवायची. क्लायंटची फाइल स्वतःच्या मेलवर पाठवणं किंवा सार्वजनिक एआय टूलमध्ये टाकणं हे नोकरी घालवण्याइतकं गंभीर आहे. जुन्या कंपनीतून आणलेल्या फायलींनाही हेच लागू. तुमचा अनुभव तुमचा, तिथली कागदपत्रं तुमची नव्हेत.

६. तारखा मागून पुढे मोजा

स्टीअरिंग कमिटीची, म्हणजे प्रोजेक्टवर देखरेख ठेवणाऱ्या क्लायंटच्या वरिष्ठांच्या गटाची, बैठक पुढच्या आठवड्यात गुरुवारी आहे आणि आज सोमवार आहे. टीम म्हणते दहा दिवस आहेत. आता उलट मोजू. गुरुवारी बैठक, म्हणजे बुधवारी एकही आकडा बदलायचा नाही, फक्त वाचन. सोमवार-मंगळवारी कमिटीतल्या महत्त्वाच्या माणसांना एकेकट्याने भेटून मसुदा दाखवायचा. त्यासाठी आधीच्या गुरुवारी पार्टनरने पूर्ण मसुदा पाहिलेला हवा, म्हणजे शुक्रवार दुरुस्तीला मिळतो. म्हणजे टीमचा पहिला सलग मसुदा मंगळवारी, कारण बुधवारी तुम्ही तो उलटासुलटा करणार. मंगळवार म्हणजे उद्या.

हे गणित टीमसमोर फळ्यावर करा. तारखांची भीती घालण्यापेक्षा ते परिणामकारक ठरतं.

दर शुक्रवारी दुपारी अर्धा तास दार लावून बसायची सवय मला उपयोगी पडली. कागदावर पुढचे दोन आठवडे आखायचे आणि तीन प्रश्न विचारायचे: कुठली गोष्ट अजून कुणाच्याच नावावर नाही? कुठली माहिती आली नाही तर आराखडा कोसळेल? कुणाला काय कळायचं राहिलंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा एक फोन असतो. तो त्याच दिवशी करून टाका.

७. टीमचं काम त्यांच्या हातून काढून घेऊ नका

माझ्या पहिल्याच टीममध्ये एक हुशार ॲनालिस्ट होती. तिच्या स्लाइड मला हव्या तशा नसायच्या. समजावून सांगायला वेळ कुठे आहे, म्हणून रात्री मीच त्या बदलायचो. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की तिचे मसुदे आणखी कच्चे यायला लागलेत. विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही रात्री बदलताच ना.’ तिची चूक नव्हती. रोज रात्री मी तिला हेच शिकवत होतो.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. काम देताना ‘विलंबाचं विश्लेषण कर’ असं सांगणं बंद केलं. शेवटी दिसायला हवी ती स्लाइड दोघांनी मिळून कागदावर काढायची, अक्षांवर काय आणि शीर्षकात साधारण काय, इतकं ठरवायचं आणि मग तिने सुरुवात करायची. आणि काम एक चतुर्थांश झालं असताना पाच मिनिटं पाहायचं. दिशा चुकली असेल तर तेव्हा अर्धा दिवस वाया जातो. पूर्ण झाल्यावर पाहिलं तर तीन दिवस जातात आणि माणूसही दुखावतो.

दुरुस्त्या तोंडी किंवा कागदावर सांगा, फाइल त्यांनाच बदलू द्या. अपवाद एकच: बैठकीआधीचे शेवटचे काही तास. तेव्हा बदला, पण दुसऱ्या दिवशी काय बदललं आणि का, ते सांगा.

आकड्यांची तपासणी मात्र तुमची, ती कुणावर ढकलता येत नाही. मॉडेलमधला प्रत्येक सेल तुम्ही पाहणार नाही, पण काही गोष्टी हमखास पाहा. तुमच्या तक्त्यातली एकूण विक्री क्लायंटच्या वार्षिक अहवालातल्या विक्रीशी जुळते का? नसेल तर फरकाचं कारण एका वाक्यात सांगता येतं का? एकक सगळीकडे एकच आहे का? नफ्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेलं, तर ती २ टक्के-बिंदूंची वाढ आहे आणि प्रमाणात मोजली तर २५ टक्क्यांची. स्लाइडवर यातलं काय लिहिलंय? आणि शेवटी, मुख्य आकडा पूर्ण वेगळ्या रस्त्याने, पाठकोऱ्या कागदावर ढोबळ काढून बघा. दोन उत्तरं जवळपास आली तर झोप लागते.

रात्रीच्या जागरणांबद्दल एवढंच: कधीतरी ती होतील. दर आठवड्याला होत असतील तर आराखड्यात चूक आहे आणि आराखडा तुमचा आहे. प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारा की कुठली एक गोष्ट सांभाळायची आहे. कुणाला संध्याकाळचा वर्ग असतो, कुणाला मुलांना आणायला जायचं असतं. ती वेळ कॅलेंडरवर अडवून ठेवा.

८. बैठकीत कुणालाही धक्का बसू देऊ नका

आता माझी दुसरी चूक. दुसऱ्या प्रोजेक्टवर आम्ही खर्च कपातीचा एक दणदणीत आकडा काढला होता. बरोबर होता, तीनदा तपासला होता. कमिटीत स्लाइड लागली आणि क्लायंटच्या वित्तप्रमुखांनी चष्मा काढून शांतपणे म्हटलं, ‘हा आकडा आमचा नाही.’ पुढचा पाऊण तास त्या एका आकड्यावर गेला, शिफारशींपर्यंत पोचलोच नाही. नंतर कळलं की त्यांचा विरोध आकड्याला नव्हताच. आपल्याच विभागाचा आकडा त्यांनी पहिल्यांदा सगळ्यांसमोर पाहिला, हे त्यांना झोंबलं होतं. त्यांच्या टीमबरोबर बसून तासाभरात तो जुळवता आला असता.

तेव्हापासून नियम: आर्थिक आकडा क्लायंटच्या वित्त विभागातल्या कुणीतरी पाहून ‘जुळतो’ म्हटल्याशिवाय कमिटीत जात नाही. आणि कमिटीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या माणसाने मसुदा आधी एकदा पाहिलेला असतो. या भेटींत तुम्ही पटवायला जात नाही, त्यांना काय खटकतं ते ऐकायला जाता. एखादा म्हणतो, ‘निष्कर्ष ठीक आहे, पण तिसऱ्या स्लाइडवरचं माझ्या विभागाचं नाव काढा.’ नाव काढल्याने सत्य बदलत नसेल तर काढा. बदलत असेल तर पार्टनरला तिथे बसवा.

क्लायंटकडच्या मधल्या फळीतल्या माणसांना विसरू नका. तुम्ही आलात म्हणजे माणसं कमी होणार, असं त्यांना वाटत असतं, आणि कधीकधी ते खरंही असतं. जे माहीत नाही त्याची आश्वासनं देऊ नका. मात्र ज्यांनी माहिती काढून दिली, ज्यांनी खरी अडचण कुठे आहे ते दाखवलं, त्यांचं श्रेय बैठकीत नाव घेऊन द्या. त्यांच्या विभागातलं ज्ञान आपल्या स्लाइडवर आणून त्यांनाच विकणं हा या धंद्यावरचा जुना आरोप आहे. तो पूर्ण खोटा नाही.

वाईट बातमी पार्टनरला आधी आणि लवकर. ‘अंदाज चुकला, उशीर कारखान्यातच होतोय’ हे तिसऱ्या आठवड्यात सांगितलं तर ती प्रगती असते, आठव्यात सांगितलं तर अपघात. जाताना पुढे काय करायचं याचा तुमचा प्रस्ताव बरोबर न्या, अर्धवट असला तरी चालेल. आणि प्रोजेक्टवर दोन पार्टनर असतील व दोघांचं म्हणणं जुळत नसेल, तर दोघांनाही वेगवेगळं खूश करत बसू नका. दोन वेगळे डेक तयार व्हायला लागतील. दोघांना एका फोनवर आणा, प्रश्न वाचून दाखवा आणि गप्प बसा.

९. बाहेरून आलेल्यांच्या दोन सवयी

‘आमच्या कंपनीत आम्ही असं करायचो’ हे वाक्य पहिल्यांदा कुतूहलाने ऐकलं जातं, पाचव्यांदा टीम एकमेकांकडे बघते. अनुभव प्रश्नाच्या रूपात आणा: ‘हंगामाच्या शेवटी परत आलेला माल यात मोजलाय का?’ ज्याने दुकानदारी पाहिली आहे त्यालाच हा प्रश्न सुचतो आणि सगळ्यांना ते कळतं.

दुसरी सवय परिपूर्णतेची. जुन्या नोकरीत चुकीचा आकडा म्हणजे चुकीचं उत्पादन. इथे पुष्कळदा निर्णय बदलणार नाही इतपत अचूकता पुरते. बचत ११ टक्के की १३ टक्के याने निर्णय बदलत नसेल तर तिथेच थांबा. ३ टक्के की १३ टक्के हा प्रश्न असेल तर मात्र रविवार गेला तरी चालेल.

१०. शेवटचे दोन आठवडे

प्रोजेक्ट संपत आला की सगळ्यांचं लक्ष अंतिम सादरीकरणावर असतं आणि टीम मनाने पुढच्या प्रोजेक्टवर गेलेली असते. नेमकं तेव्हा तुम्हाला तीन कामं आठवणीने करायची आहेत.

टीममधल्या प्रत्येकाशी अर्धा-पाऊण तास बोला. लेखी रिव्ह्यूतलं एकही वाक्य त्यांना नवं वाटता कामा नये. एखादं नवं असेल तर ते सहाव्या आठवड्यात सांगायचं राहून गेलंय, आणि ती चूक तुमची. त्याच बैठकीत तुमच्याबद्दल विचारा. ‘काही सुधारणा?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही, छान होतं’ येईल. ‘माझ्यामुळे तुझा वेळ सर्वांत जास्त कुठे वाया गेला?’ असं विचारा. मग थांबा, पहिलं उत्तर यायला वेळ लागतो.

स्टाफिंगला फोन करून तुम्ही कधी मोकळे होताय ते सांगा आणि टीममधल्या चांगल्या माणसांसाठी दोन शब्द टाका. क्लायंटची ओळख काढून टाकलेल्या कामाच्या पद्धती, फर्मचे नियम जेवढी परवानगी देतात तेवढ्या, ज्ञानसंग्रहात ठेवा. पुढच्या नव्या मॅनेजरला त्या लागतील.

आणि मॉडेल सोपवणं शेवटच्या दिवशी ठेवू नका. संपण्याच्या दहा दिवस आधी क्लायंटच्या ज्या माणसाला ते पुढे चालवायचं आहे, त्याला आपल्या खुर्चीत बसवा. मागच्या महिन्याचे नवे आकडे द्या आणि सांगा, भर. तुम्ही आणि तुमचा ॲनालिस्ट मागे उभे राहा, हात मागे बांधून. तो जिथे अडेल, जिथे ‘हा रकाना कशाचा?’ विचारेल, ते लिहून घ्या. पहिल्या खेपेला यादी दीड पान भरेल. पुढच्या दहा दिवसांत ती दुरुस्त करा आणि त्याला पुन्हा बसवा.